डावा माझा, उजवा त्यांचा

दौंडच्या भालेराव आप्पांनी मला फसवलं, हे मी अकरा वर्षं ज्याला त्याला सांगत आलो. शिरूरच्या बाजारात सांगितलं, पुण्याच्या गिऱ्हाइकांना सांगितलं, खुद्द आप्पांच्या ओट्यावर बसून त्यांच्या बायकोलाही सांगितलं. त्यातलं किती मागे घ्यायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून सगळंच लिहून काढतोय.

माझं शिरूरला नगर रस्त्याला जुन्या मालाचं दुकान आहे. घरी निमोण्याला मेंढरं होती. ती भावावर सोडून मी सणसवाडीच्या कारखान्यांचं भंगार उचलायला लागलो, भंगारातून जुन्या फर्निचरकडे वळलो, आणि फर्निचरच्या मागे मागे जुन्या अँप्लिफायरपर्यंत आलो. हे अँप्लिफायर काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे, एकेक मशीन पंधरा-पंधरा किलोचं. नव्वदच्या सुमाराला लोक ते मोडीत घालत होते, आणि त्याच वेळी पुण्यात काही शिकलेली माणसं तेच शोधत फिरत होती. या दोघांच्या मधे जाऊन उभं राहायचं, एवढाच धंदा. पण मोडीतून आलेलं मशीन वाजलं तरच त्याला भाव. ते वाजवून देणारा माणूस आमच्या दोन तालुक्यांत एकच होता.

आप्पा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, पुढे निवृत्त झाले. मला त्यात फरक जाणवला नाही, कारण कधीही गेलं तरी ते त्याच एका टेबलाशी वाकलेले दिसायचे. स्टेशनच्या मागच्या वस्तीत दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली टेबल, टेबलावर पोट उघडं टाकलेलं कुणाचं तरी मशीन. आप्पा उंच, हडकुळे, चष्म्याच्या एका काडीला वाइंडिंगची तार गुंडाळलेली. अंगात बनियन, खाली लेंगा, आणि त्या लेंग्याला डाव्या बाजूला मुद्दाम शिवून घेतलेला खोल खिसा. मशीन चालू असताना डावा हात त्या खिशात. व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये चारशे व्होल्ट खेळत असतात. दोन्ही हात आत घातले तर झटका एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडतो. खात्यातला एक सोबती त्यांनी तसा जाताना पाहिला होता. त्यामुळे मशीनशी काम एकहाती. बघणाऱ्याला वाटायचं, माणूस खिशात सुटे पैसे चाचपतोय.

मशीन आलं की आधी वास. नाक जवळजवळ टेकवून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वास घेत जायचे. मीटर नंतर.

"उंदीर मेलता आत," एकदा मला म्हणाले.

"मी साफ करून आणलंय, आप्पा."

"भाईरनं केलंय. तू समदं भाईरनंच करतू."

असं बोलायचे. मी ऐकून घ्यायचो, कारण दुसरा कुणी नव्हता.

आता त्या दोन मशीनचं सांगतो.

ब्याण्णव साल असेल. दौंडच्या रेल्वे कॉलनीत एका जुन्या बंगल्यात एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे. ते वारले, आणि त्यांची बायको मुलाकडे ऑस्ट्रेलियाला निघाली. सगळं सामान विकायला काढलं होतं. मी टेम्पो घेऊन पोचलो तर तिथे आप्पा आधीच बसलेले. साहेबांची मशीन ते वर्षानुवर्षं दुरुस्त करत होते, म्हणून बाईंनी त्यांना बोलावलं होतं.

हॉलमध्ये खिडकीच्या दोन्ही अंगांना दोन अँप्लिफायर होते. एकाच घडणीचे, राखाडी रंगाचे, पितळी पट्टीवर लागोपाठचे नंबर. त्या काळी स्टिरिओ म्हणजे एका पेटीत दोन आवाज नव्हते. डाव्या बाजूला एक मशीन आणि उजव्या बाजूला दुसरं. पाठीवर इंग्रजी अक्षरांनी तसं रंगवलेलंही होतं. अशी जोडी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही.

"आप्पा, चालू हायेत का दोन्ही?" मी हळूच विचारलं.

"डावा चांगला हाय. उजवा जळलाय."

"किती देऊ मग?"

"ते तुझं तू बघ."

मी बघितलं. जळलेला माल घेत नाही म्हणून बाईंना सांगितलं, डाव्याचा भाव पाडला, पितळी कड्यांचे दोन पलंग आणि रेकॉर्डचा गठ्ठा त्यातच बसवून घेतला, आणि टेम्पो शिरूरला आणला. वाटेतलं न्हावरा येईपर्यंत मी खुशीत शीळ घालत होतो.

दोन महिन्यांनी दुसरं एक मशीन घेऊन दौंडला गेलो तर आप्पांच्या खोलीत उजवा वाजत होता.

"हे काय, आप्पा?"

"उजवा."

"जळलाय म्हणाला होता ना?"

"व्हता. आता न्हाई."

मी निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाईंकडून तो विकत घेतला होता, बाईंनी सांगितलेल्या भावाला, एक रुपया कमी न करता. मला आतून मावशींनी सांगितलं. मावशी म्हणजे आप्पांची बायको. "दोन म्हैनं जेवणाचं भान न्हवतं ह्यांना," असंही त्या म्हणाल्या. पण माझं डोकं फिरलं होतं. मला जळलाय म्हणून सांगायचं आणि मागून स्वतः उचलायचा, हे धंद्यात आम्हीही करतो. पण आप्पांनी करावं? मी ओट्यावर उभा राहून नको ते बोललो. आजूबाजूची माणसं बाहेर आली. आप्पांनी माझं बोलणं संपू दिलं, मग विचारलं, "दुसरं मशीन आणलंयस ते आत घेऊ का नगं?"

मी आत दिलं. दुसरं करणार काय.

तेव्हापासून दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला मी उजव्याचा भाव करायला जायचो. निमित्त काहीतरी असायचंच. आधी रोख बोललो. मग फ्रिज देऊ केला, मावशींच्या समोर, म्हणजे आतून दाब येईल. एका वर्षी सागाचं कपाट टेम्पोत घालूनच घेऊन गेलो. एका वर्षी मोटरसायकल. आप्पा सगळं शांतपणे ऐकायचे आणि म्हणायचे, "तू डावा दे."

"डावा मी विकत नाही."

"मंग मी तरी कशाला विकू?"

खरं तर डावा मी दहा वेळा विकला असता. पण पुण्याचे लोक हुशार; जोडी असेल तर तिप्पट, एकटा असेल तर हात झटकून मोकळे. म्हणून मी त्याला दुकानात फळीवर ठेवून दिला होता. गिऱ्हाइकाला दाखवायला कधीमधी लावायचो, एवढंच. ऐकत मी बसलो नाही कधी. बसणं मला जमत नाही.

आणि आप्पांकडे तर बसावंच लागायचं. दुरुस्त झालेलं मशीन ते हातात देत नसत. मालकाने त्यांच्यासमोर एक तास ते ऐकायचं, मग घेऊन जायचं. लाकडी खुर्ची, गादी नाही. रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत चहा नाही. माझ्यासारख्या माणसाचा तिथे जीव जायचा. डोळ्यासमोर बाहेर उभा असलेला टेम्पो, त्याचं वेटिंग, संध्याकाळचं गिऱ्हाईक.

"आप्पा, वाजतंय की. द्या आता."

"वाजतंय ते मलाबी कळतंय. तू ऐकलंस का?"

"ऐकलं."

"काय ऐकलंस?"

मी घड्याळ बघायचो.

गंमत म्हणजे स्वतः आप्पाही एका जागी बसून ऐकत नसत. पाच मिनिटांत उठायचे. स्पीकरची पेटी दोन बोटं पुढे. परत बसायचे, मान वाकडी करायचे, पुन्हा उठायचे. पेटी एक बोट मागे. एक व्हॉल्व्ह काढून फडक्यात गुंडाळून ठेवायचा, डब्यातून दुसरा लावायचा, ऐकायचा, पुन्हा पहिला. "घूं येतीय," म्हणायचे. कुणालाच ऐकू येत नसलेली ती घूं त्यांना सगळ्या मशीनमध्ये ऐकू यायची. त्यात दौंड म्हणजे जंक्शन. मालगाडी निघाली की खोलीतली भांडी थरथरायची. गाडी यायच्या आधीच आप्पांचा हात रेकॉर्डवरच्या सुईकडे जायचा. सुई उचलायची, गाडी जाऊ द्यायची, सुई परत जिथल्या तिथे. जमिनीच्या थरथरीवरून ते गाडी ओळखायचे आणि लेट असेल तर तेही सांगायचे. एका तासाच्या रेकॉर्डला त्यांच्याकडे दीड तास लागायचा.

उजवा मात्र ते वेगळ्याच रीतीने ऐकायचे. खोलीत उजव्या भिंतीला तो आणि त्याचा स्पीकर; डाव्या भिंतीला काहीच नाही, फक्त मोकळी जागा. मावशींना तिथे शिलाई मशीन ठेवायचं होतं.

"धा वर्सं झाली, ती जागा रिकामीच," त्या मला सांगायच्या. "इचारलं तर म्हणत्यात, ऱ्हाऊ दे, डावा येईल."

"येणार नाही," मी म्हणायचो.

"त्यांनाबी तेच सांगती."

बंगल्यातल्या रेकॉर्डच्या गठ्ठ्यातली एक रेकॉर्ड आप्पांनी माझ्याकडून विकत घेतली होती. गोऱ्या लोकांच्या नाचाचा बँड. ती त्या जोडीवर साहेबांच्या घरी वाजायची. आप्पा तिचा फक्त उजवा आवाज उजव्याला जोडायचे. मी म्हणालो, दोन्ही एकाच मशीनला जोडा, सगळा बँड ऐकू येईल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाच्या तरी ताटातलं उचलून खाल्लंय.

"हा उजव्याचा हाय. डाव्याचं त्यानं कशाला वाजवायचं?"

त्यामुळे अकरा वर्षं ते अर्धाच बँड ऐकत होते. बासऱ्या, व्हायोलिनं सगळी उजवीकडे. ढोल डावीकडे. ढोल त्या घरात वाजलाच नाही.

त्यांच्या आणखी एका सवयीने माझं फार नुकसान केलं. दुरुस्ती झाली की मशीनच्या खालच्या पत्र्यावर, आतल्या बाजूला, ते पेन्सिलीने तारीख लिहायचे आणि काय झालं होतं, कशाने झालं होतं, ते मोकळेपणी लिहायचे. कुणाच्या चुकीने झालं तेही. पुण्याचे एक डॉक्टर माझे चांगले गिऱ्हाईक. जुन्या मशीनचं त्यांना वेड. एकदा त्यांनी माझ्या दुकानात एक मशीन उलटं केलं, पत्रा काढला आणि मोठ्याने वाचलं: "एक ट्रान्सफॉर्मर मूळचा नाही. विकणाऱ्याला माहीत आहे."

डॉक्टर हसले. मी नाही हसलो. दुसऱ्या दिवशी दौंड गाठलं.

"आप्पा, हे काय लिहून ठेवता तुम्ही?"

"खोटं हाय का?"

"खरं असलं म्हणून लिहायचं?"

"आरं, तू बोलणार न्हाईस, मी तिथं नसणार. मंग मशीननं न्हाई सांगायचं तर कुणी?" आणि मग नाकाने वास घेत, खालीच बघत म्हणाले, "तुझ्या भावाला धक्का लागला असंल तर सांग. मजुरी घेत न्हाई ह्याची."

मजुरी त्यांनी खरंच घेतली नाही. माझा राग त्याने वाढला.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात मी एक चूक केली. ती चूक व्हॉल्व्हच्या मशीनशी खेळणारा माणूसच करू शकतो, आणि करायला नको हे त्याला पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचं मशीन वाजवायचं नाही. आवाजाला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की तो आतल्या आत ट्रान्सफॉर्मर जाळतो.

डॉक्टर दुकानात आले होते. डावा खाली काढून बघत होते. "एकटा घेऊन काय करू, बाळासाहेब? जोडी असती तर आज गाडीत घातली असती."

"एकटाही वाजतो कसा बघा तरी."

"नको. जळका असेल."

झालं. जळका म्हटल्यावर माझं टाळकं सटकलं. मी वायर लावली, टेप जोडला, बटण दाबलं. त्याचा स्पीकर मी आदल्या दिवशीच कुणाला तरी विकला होता, ते रागात डोक्यातून गेलं. व्हॉल्व्ह लाल झाले. आवाज येईना. डॉक्टर समोर उभे, आणि आवाज येईना म्हणून मी आवाजाचं बटण वाढवत गेलो. पूर्ण वाढवलं. आतून बारीक तडतड आली आणि मग तो वास.

डॉक्टर मागे सरकले. "स्पीकर कुठाय?" त्यांनी विचारलं.

त्या माणसाने उपकार केले, हसले नाहीत. जाताना म्हणाले, "हा दुरुस्त करा, आणि दौंडचा उजवाही मिळवा. पुढच्या रविवारी मी येतो. दोन्ही असतील तर तुम्ही म्हणाल ती किंमत. नसतील तर मी मुंबईची एक जोडी बघून ठेवलीय."

मी त्याच दुपारी दौंडला गेलो. आप्पांनी नाक लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्पीकर नव्हता जोडला."

मी मशीनची वायर गुंडाळायला घेतली.

"आवाज येईना म्हणून वाढवला."

वायर गुंडाळून झाली, मी ती पुन्हा सोडली.

"व्हतं असं," ते म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती, आणि मला तेच खटकलं. चेष्टा केली असती तर भांडता आलं असतं.

"किती दिवस लागतील?"

"ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळावा लागंल. हातानं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय माझ्या. चार-सा म्हैनं."

"आठ दिवस," मी म्हणालो. "मला आठ दिवसांत पाहिजे, आप्पा. जमत नसेल तर आताच सांगा, मी पुण्यात देतो."

"पुण्यात दिलास तर ते दुसराच बसवतील."

"बसवू देत. वाजल्याशी मतलब."

आप्पांनी मशीन आपल्याकडे ओढून घेतलं. मग म्हणाले, "शनिवारी ये."

परत येताना माझा हिशोब पक्का होता. डावा दुरुस्त होतोय, आप्पा थकलेत, डोळे गेलेत. शनिवारी उजव्यासाठी शेवटचा आकडा टाकायचा, असा की मावशींनी आतून ओढून त्यांना हो म्हणायला लावलं पाहिजे. रविवारी डॉक्टर. अकरा वर्षांचं उट्टं निघत होतं.

शनिवारी गेलो तर डावा त्या मोकळ्या जागेवर ठेवलेला. डाव्या भिंतीला. बाजूला स्पीकर, खाली स्वच्छ फडकं. आप्पांनी खुर्चीकडे बोट केलं आणि बँडची रेकॉर्ड लावली.

ढोल. घट्ट, पोटात बसणारा, आणि त्याच्या मागे कुणीतरी पायाने ताल धरल्यासारखं काहीतरी. मला या गोष्टीतलं कळत नाही, पण ते मशीन अकरा वर्षं माझ्या फळीवर होतं आणि मी ते ऐकलं नव्हतं, एवढं तेव्हा कळलं. आप्पा त्या दिवशी एकदाही उठले नाहीत. पेटी हलवली नाही. मधे मालगाडी आली तरी सुई उचलली नाही; भांडी वाजली, ढोलही वाजत राहिला.

बाजू संपली. मावशींनी चहा आणला.

"साहेबांच्या घरी असाच वाजायचा," आप्पा म्हणाले.

मी मनातला आकडा जिभेवर आणला. "आप्पा, उजवा पण लावा की. दोन्ही एकदम ऐकू. मग मला तुमच्याशी बोलायचंय."

"उजवा न्हाई लागायचा."

"का?"

"त्याच्यातला काढून ह्याच्यात घातला."

मला लगेच समजलं नाही. मी उजव्या भिंतीकडे पाहिलं. उजवा तिथेच होता, पण पाठीमागचा डावा कोपरा रिकामा. चार स्क्रूची भोकं आणि कापलेल्या तारांची टोकं. एका घडणीची मशीन, त्यातला ट्रान्सफॉर्मर ह्यात हुबेहूब बसला होता.

"तुम्ही उजवा मारला?"

"तू आठ दिवस दिलंस. गुंडाळायला येळ नव्हता. बाजारातला घातला असता तर डावा डावा ऱ्हायला नसता."

"मला विचारायचं होतं."

"तुझं मशीन दुरुस्तीला आलं. दुरुस्तीला आलेलं मशीन वाजूनच भाईर जातं हितनं. त्यात काय इचारायचं?"

मी उठलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. जोडीच्या ऐवजी आता एक चालू आणि एक मेलेलं मशीन उरलं होतं, आणि चालू होतं ते आधीपासून माझंच. मी म्हणालो, पहिल्या दिवशी मला जळलाय म्हणून फसवलं आणि आज पुन्हा. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"फसवलं?" आप्पा म्हणाले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "जळला व्हताच. मीच जाळला व्हता."

मग त्यांनी सांगितलं, अगदी थोडक्यात. साहेब आजारी असताना बाईंनी त्यांना मशीन साफ करायला बोलावलं. उजव्याचा स्पीकर सोडवून बाजूला ठेवला होता. आतल्या खोलीतून साहेबांनी हाक मारली, बँड लाव म्हणून. आप्पा घाईत बसले, स्पीकर तसाच राहिला. उजव्यातून आवाज येईना म्हणून वाढवला. साहेब पुढच्या आठवड्यात गेले. बँड ऐकायचा राहिला.

"तवा मी नव्यानं गुंडाळला. दोन म्हैनं लागले. जाळलेलं मशीन दुसऱ्याच्या हातात कसं जाऊ द्यायचं?"

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू भाव इचारलास, बाळू. कसा जळला ते कुठं इचारलंस?"

रविवारी डॉक्टर आले. एकटा बघून त्यांनी डावा उलटा केला, पत्रा काढला, वाचला. तिथे आप्पांची पेन्सिल होती: तारीख, आणि खाली, "स्पीकरशिवाय लावला. दोघांची चूक सारखीच." डॉक्टरांनी दोघे कोण ते विचारलं नाही. त्यांनी मुंबईची जोडी घेतली.

मी दोन महिने दौंडला गेलो नाही. पण मनातून ते मशीन जाईना. रात्री-अपरात्री नाही, भर बाजारात, गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू असताना ते आठवायचं आणि मी आकडा चुकायचो. शेवटी सणसवाडीला एका मोटर वाइंडिंगवाल्याकडून मी बारीक तांब्याच्या तारेचं रीळ मिळवलं, आप्पा वापरायचे त्याच जाडीचं, आणि घेऊन गेलो. फुकट नव्हे. माझं गणित होतं: तार माझी, हात त्यांचे, गुंडाळून झालं की उजवा निम्मा माझा. मग जोडी एकत्र आणायला त्यांना नाही म्हणता येणार नव्हतं.

आप्पांकडे जायला मला फार दिवस उरलेले नव्हते, हे तेव्हा माहीत नव्हतं. त्या पावसाळ्यात त्यांची मुलगी दोघांना सोलापूरला घेऊन गेली, आणि आप्पा तिकडेच वारले. दौंडच्या खोलीत दुसरे भाडेकरू आले. उजवा मावशींनी सोलापूरला नेला म्हणतात. मी विचारायला गेलेलो नाही.

तर तो दिवस. अकराचा सुमार, ऊन दारातून टेबलापर्यंत आलेलं. आप्पा गुंडाळत होते. माझ्या आधीच त्यांनी कुठून तरी तार पैदा केली होती. हाताने फिरवायचा एक लाकडी चरक केला होता. मशीन बंद, म्हणून डावा हात खिशाबाहेर होता. त्या हाताच्या दोन बोटांमधून तार सरकत होती आणि उजवा हात चरक फिरवत होता. ओठ हलत होते. समोर दोन वाट्या, एकीत चिंचोके. शंभर वेढे झाले की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. दुसऱ्या वाटीत बरेच जमले होते. दृष्टी अधू झालेल्या माणसाने आकडा कागदावर कशाला लिहावा, हे मला बघताक्षणी पटलं.

पण मी दारातूनच बोलायला सुरुवात केली. तार माझी, हात तुमचे, निम्मं निम्मं. ते मान वर करीनात. मी आणखी मोठ्याने बोललो. ओठ हलतच राहिले. अकरा वर्षांत त्या माणसाने माझ्या एका भावाला सरळ उत्तर दिलं नव्हतं, आणि आता बघतही नव्हता. मी पुढे झालो आणि ते रीळ टेबलावर आदळलं.

दोन्ही वाट्या उपड्या झाल्या. चिंचोके टेबलभर पसरले, काही खाली गेले, एक माझ्या बुटाखाली आला.

चरक थांबला. आप्पांनी पसरलेल्या चिंचोक्यांकडे पाहिलं, मग बोटांनी गुंडाळलेल्या तारेची जाडी चाचपली. मावशी आतून आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसून चिंचोके वेचायला लागल्या. मीही वाकलो. सगळे चिंचोके आम्ही एकाच वाटीत भरले, कारण किती वेढे झाले होते ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

 आप्पांनी तारेचं टोक शोधलं, चरक उलटा फिरवायला घेतला आणि गुंडाळलेली तार वेढ्यावेढ्याने परत रिळावर सोडवत गेले. पाऊण तास लागला. मी खुर्चीवर बसलो होतो. कुणी बस म्हणालं नव्हतं. वेढे घ्यायची बॉबिन उघडी झाली. आप्पांनी ती फडक्याने पुसली, टोक पुन्हा खाचेत अडकवलं, भरलेली वाटी उजवीकडे आणि रिकामी डावीकडे मांडली, आणि पहिला वेढा दिला.

"एक," ते म्हणाले.